संगम स्टुडिओचा लॅपटॉप

राजुऱ्याच्या बसस्टँडसमोर संगम फोटो स्टुडिओ होता. त्याचे मालक दोन, आणि दोघं मिळून एक धड शहाणा माणूस होत नाही, असं दोघांच्याही बायकांचं मत होतं. जलालुद्दीन फोटो काढायचा. बापूजी ते धुवायचे, मोठे करायचे, जपून ठेवायचे. मांडवात रुसलेल्या व्याह्यांना हसवून एका रांगेत उभं करणं जलालुद्दीनलाच जमायचं, आणि अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली एन्लार्जरने मोठं करून त्यांना एकेक करून कागदावर आणणं बापूजींना. पुढे रंगीत रोल आले, ते धुवायला चंद्रपूरला पाठवावे लागत. पण निगेटिव्ह परत आल्या की त्यांची सगळी व्यवस्था बापूजींकडेच. इतकी वर्षं भागीदारी टिकली, आणि भांडणं झाली ती चहा कोणी सांगायचा एवढ्यावरूनच.

या स्टुडिओचं एक काम पाटीवर लिहिलेलं नव्हतं. आसपासच्या गावांत घरोघरी फोटो कुठले? माणसाचा आयुष्यात एखादाच फोटो निघायचा, तोही कुणाच्या तरी लग्नात, गर्दीत, तिसऱ्या रांगेत. तो माणूस गेला की घरचे एसटीने राजुऱ्याला यायचे. "आमच्या बाबाचा फोटो पाह्यजे होता, भाऊ. दसरूच्या लग्नात उभा होता तो, पिवळ्या फेट्याच्या बाजूले." बापूजी गाव विचारायचे, साल विचारायचे, बिस्किटांचे डबे खाली काढायचे आणि निगेटिव्हच्या पट्ट्या एकेक करून उजेडासमोर धरायचे. तिसऱ्या रांगेतला शेंगदाण्याएवढा चेहरा मोठा व्हायचा आणि तेरवीच्या आधी चौकटीत बसून गावाला जायचा. या कामाचे पैसे घेताना बापूजी गिऱ्हाइकाकडे बघत नसत.

दोन हजार पाच साली स्टुडिओत डिजिटल कॅमेरा आला. तोवर बापूजी काही बोलले नव्हते. बोलणं झालं ते कॅमेऱ्यातले फोटो उतरवायचे कशात, यावरून. राजुऱ्यातलाच एक दुकानदार टेबलावरचा कॉम्प्युटर जुळवून द्यायला तयार होता, आणि बिघडला तर संध्याकाळपर्यंत नीट करून द्यायची त्याची हमी होती. पण जलालुद्दीनने नागपूरला सीताबर्डीवर एक लॅपटॉप पाहिला होता. चकचकीत काळा, वहीसारखा मिटणारा. त्याच्या किमतीत टेबलावरचे दोन कॉम्प्युटर येऊन वर जुनी मोटरसायकल आली असती. दुकानदाराने तो त्याच्या मांडीवर ठेवला, तिथेच गडी गेला.

"किती वर्सं चालन हे?" बापूजींनी विचारलं.

"एक वर्साची गॅरंटी हाये."

"अन् मंग?"

"मंगही चालतेच ना, बापूजी. गॅरंटी सरली म्हनून कोनी मरते काय?"

"बॅटरी?"

"दोन वर्सं जाते म्हनते."

"बिघडला तं?"

"नागपूर."

"म्हनजे एक पुरा दिवस, अन् जानं-येनं." बापूजींनी चष्मा पुसला. "आपला एन्लार्जर सत्याहत्तर सालचा हाये. आतापोत्तर त्याचा एक बल्ब बदलला मी. बरं, ते जाऊ दे. फोटो किती वर्सं राह्यतीन त्याच्यात?"

या प्रश्नावर जलालुद्दीन मनापासून हसला. "फोटोले काय होते? आतमंदी बसून राह्यते. ना बुरशी लागत, ना ओरखडा पडत. तुमच्या डब्यातल्या पट्ट्या पावसाळ्यात चिकटते, हे नाई चिकटत."

लॅपटॉपच्या बाजूने त्याच्याकडे कारणांचा तोटा नव्हता. तेव्हा राजुऱ्यात दिवसातले कितीतरी तास वीज नसायची; टेबलावरचा कॉम्प्युटर तेवढा वेळ मुका. लॅपटॉप बॅटरीवर चालणार. रोलचा खर्च वाचणार. आणि मुख्य म्हणजे तो मांडवात नेता येणार, लग्नघरच्यांना फोटो तिथल्या तिथे दाखवता येणार. आणखी एक कारण होतं, ते तो बोलला नाही. चंद्रपूरच्या बड्या फोटोवाल्यांकडेही तेव्हा टेबलावरचेच कॉम्प्युटर होते. राजुऱ्याच्या जलालुद्दीनकडे लॅपटॉप असावा, एवढं त्याला फार वाटत होतं.

घरी त्याच्या बायकोला, सुरय्याला, मागच्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता. ती म्हणाली, "छत टपक रही है और आप डब्बा उठाके ला रहे. बापूजीभाऊ ठीक बोल रहे, उनकी सुनो." जलालुद्दीनने ऐकलं नाही. शेवटी बापूजीच म्हणाले, "तुले पाह्यजे ना? घे मंग." त्यांना पटलं होतं म्हणून नाही, लहान भावाने हट्ट धरला की मोठा जसा सोडून देतो, तसं त्यांनी सोडून दिलं. तेवढं जलालुद्दीनला तेव्हाही कळलं होतं, पण त्याने कळून घेतलं नाही.

लॅपटॉपला धूळ चालत नाही म्हणून त्याला बंद खोली लागली. बंद खोली एकच होती, बापूजींची डार्करूम. लाल दिवा काढून तिथे ट्यूबलाइट लावली. एन्लार्जरवर जुनी चादर टाकून तो मागे सरकवला, आणि काही महिन्यांनी भंगारवाला दारात आला तेव्हा त्याला देऊन टाकला. बापूजी त्या दिवशी स्टुडिओत होते. त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

लॅपटॉपने नाव मात्र काढलं. आधी लग्नाचे फोटो पाहायला महिना जायचा. आता नवरी सासरी निघाली, मांडव ओस पडला, बाया रडून थकल्या, की जलालुद्दीन सतरंजीवर बसून लॅपटॉप उघडायचा. सगळ्या पदराने डोळे पुसत भोवती जमायच्या. आणि त्याच्या लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. लोकांना फोटो पाहण्यात जेवढी मजा वाटायची, त्याहून जास्त मजा नको असलेला फोटो काढून टाकण्यात वाटायची. मावशीचे डोळे मिटलेले, काकाचा घास तोंडात, नणंदेचा पदर सरकलेला. "हा नोको, हा काढून टाका!" जलालुद्दीन जादूगारासारखं बोट वर करायचा, बटण दाबायचा, आणि फोटो गेला! टाळ्या पडायच्या. जागाही मोकळी व्हायची. स्टुडिओत परतला की संध्याकाळी तो मशीनमधली कचऱ्याची पेटी आणि कॅमेऱ्यातलं कार्डसुद्धा रिकामं करून टाकायचा. घर झाडल्यासारखं स्वच्छ वाटायचं त्याला.

रोलच्या काळात असं करताच येत नव्हतं. निगेटिव्हची पट्टी अख्खी असायची. मावशीचे मिटलेले डोळे नवरीच्या शेजारच्याच चौकटीत. मावशीला फेकायचं तर नवरीही गेली असती. त्यामुळे मावशी राहायची.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये आमबोडीला गुणाबाईच्या पोरीचं, रंजीताचं लग्न झालं. आमबोडी म्हणजे राजुऱ्याहून तासाभराच्या अंतरावरचं कापूस-सोयाबीनचं गाव. गुणाबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती, रंजीता आणि धाकटा अजय, विशीतला. अजयची शाळा सातवीतच सुटली, आणि तेव्हापासून शेत त्याच्याच अंगावर होतं. बहिणीचं लग्न म्हणून पोरगा दोन दिवस झोपला नव्हता. लाकडं फोडली त्याने, पाणी वाहिलं त्याने, आणि ऐन लग्नाच्या दिवशी वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ढवळायला ठेवलेला माणूस पिऊन आडवा झाला, तेव्हा कालथाही त्यानेच हातात घेतला. मांडवात जलालुद्दीन दहादा ओरडला, "नवरीचा भाऊ कुठी हाये? भावाले बोलवा!" भाऊ चुलीपाशी. एकदा सगळ्या घराण्याच्या फोटोत तो धावत येऊन उभा राहिला, तर नेमका पुढच्या पाहुण्याच्या फेट्याआड गेला.

नवरी निघाली तेव्हा मात्र तो चुलीवरून तसाच उठून आला. अंगात बनियन, गालावर काजळी, हाताला वरण. बहिणीच्या गाडीच्या खिडकीला धरून उभा राहिला आणि एवढा दांडगा पोरगा हुंदके देऊन रडला. जलालुद्दीनने खटकन फोटो घेतला. चेहरा पूर्ण समोर होता, उजेड बाजूने होता. असा फोटो वर्षातून एखादा निघतो, हे त्याला घेतानाच कळलं होतं.

मग सतरंजी, लॅपटॉप, बाया. फोटो पुढे सरकत सरकत तो आला, आणि गुणाबाईने कपाळावर हात मारला.

"अगा बाई! हे काय ध्यान? बनेनवर! अन् तोंडाले काजळी! पोरीच्या सासरचे पाह्यतीन तं म्हनतीन, नवरीचा भाऊ हाये का सयपाकी? काढून टाका भाऊ हा."

अजय मागेच उभा होता. तो हसला. "राहू दे ना, माय. मी असाच तं दिसतो."

"असाच दिसते म्हने! काढा, भाऊ, काढा."

सगळ्या हसायला लागल्या. जलालुद्दीनचं बोट क्षणभर थांबलं. फोटो चांगला आहे, राहू द्या, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण समोर मांडवभर माणसं होती, आणि ती बोटाकडे बघत होती. त्याने बोट वर केलं, बटण दाबलं, आणि टाळ्या पडल्या.

"जा, तोंड धुऊन ये," तो अजयला म्हणाला. "नवा सदरा घाल. झकास काढतो तुहा."

"येतो," म्हणून अजय गेला. वाटेत कोणीतरी त्याला भाड्याची भांडी गाडीत चढवायला बोलावलं. जलालुद्दीनची शेवटची बस होती. तो निघून आला.

त्या मेमध्ये लॅपटॉप पहिल्यांदा आजारी पडला. राजुऱ्याचा उन्हाळा म्हणजे दुपारी लोखंडी फाटकाला हात लावायची सोय नाही. लॅपटॉप तापायचा, मध्येच बंद पडायचा. जलालुद्दीनने मायेपोटी जे आपल्या पोरांसाठी केलं असतं तेच केलं: त्याला कूलरच्या पुढ्यात ठेवलं. वाळ्याच्या टट्ट्या, वर पाण्याची धार, गारेगार वारा. स्वतः घामाघूम बाजूला बसला. महिनाभर लॅपटॉप सुखात राहिला आणि एका दुपारी डोळे मिटले ते उघडेनाच. नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने तो खोलला आणि आतल्या पांढऱ्या क्षारांच्या पुटाकडे पाहून विचारलं, "भाऊसाहेब, ह्याला आंघोळ घालत होता का?" आतली मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, बदलावी लागली. सुरय्याचा स्लॅब आणखी एक वर्ष पुढे गेला. फोटो मात्र सगळे शाबूत निघाले. जलालुद्दीनने परत येऊन बापूजींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "पाह्यलं? एकही फोटो नाई गेला."

बापूजी "बरं झालं" म्हणाले. त्या पावसाळ्यानंतर त्यांचं स्टुडिओत येणं कमी होत गेलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बसून पेपर वाचायचा तर तो घरीही येत होता. एक दिवस त्यांनी किल्ली आणून काउंटरवर ठेवली. "असू दे तुह्यापाशी. मले आता काय काम?" जलालुद्दीनने त्यांना चहा पाजला. चहा कोणी सांगायचा यावरून त्या दिवशी भांडण झालं नाही, आणि ते दोघांनाही खटकलं.

पुढच्या वर्षी, दोन हजार सातच्या सप्टेंबरात, रंजीता स्टुडिओच्या पायऱ्या चढली. मागे गुणाबाई. जलालुद्दीनने गुणाबाईला ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती.

"अजय गेला, भाऊ," रंजीता म्हणाली. "मलेरिया डोक्यात चढला. चंद्रपूरले नेलं, पन उशीर झाला."

जलालुद्दीन उठून उभा राहिला. त्याने दोघींसाठी खुर्च्या पुसल्या.

गुणाबाईने कमरेच्या पिशवीतून मतदानाचं कार्ड काढलं. त्यावर चेहऱ्याच्या जागी एक काळा डाग होता, दोन डोळे कुठे असावेत ते अंदाजाने ठरवायचं. "हे पाहा," ती म्हणाली. "हा काय माहा पोरगा हाये? घरात दुसरा कागद नाई त्याचा. तुम्ही रंजीच्या लग्नात फोटो काढले होते. त्यातला एक चांगला मोठा करून द्या. सोमवारी तेरवी हाये. पाटावर काय ठेवू मी?"

"पाह्यतो, बाई," तो म्हणाला. "तुम्ही चहा घ्या." त्याला तो फोटो त्या क्षणी समोर दिसत होता: काजळी, बनियन, बाजूचा उजेड. आपण काय केलं तेही दिसत होतं. तरी वेड्या आशेने त्याने लॅपटॉप उघडला आणि रंजीताचं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. फेट्याआडून एक कान. पंगतीच्या कडेला कोपर. गंज उचलून नेणारी पाठ. चेहरा नव्हता. गुणाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. "मशीन जरा हळू चालून राह्यली, बाई," तो म्हणाला. "मी काढून ठेवतो. तुम्ही जा." हे खोटं पहिलं.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन नागपूरला गेला. काढून टाकलेले फोटो कधी कधी परत आणता येतात, असं त्याने ऐकलं होतं. दुरुस्तीवाल्याने सकाळपासून दुपारपर्यंत खटपट केली आणि मान हलवली. "लगेच आणला असता तर जमलं असतं. दीड वर्षात त्या जागेवर दुसरे फोटो येऊन बसले." कोणाचे बसले, म्हणून जलालुद्दीनने विचारलं. असंच काहीतरी विचारलं. त्याला काय उत्तर हवं होतं कोण जाणे. दुरुस्तीवाला म्हणाला, "असतील कोणाच्या तरी लग्नाचे."

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर होता. घेतला तेव्हापासून तो त्याचा हिशोब करत आला होता. बॅटरी इतक्याची, पाटी तितक्याची, वाचलेले रोल वजा, मिळालेली लग्नं अधिक. सुरय्यासमोर, बापूजींसमोर, स्वतःसमोर त्याने तो कितीदा मांडला होता, आणि दरवेळी तो कसाबसा जुळायचा. आज जुळेना. त्या लॅपटॉपमधून अजयसारखे आणखी किती जण आपण टाळ्यांसाठी पुसून टाकले, हे मोजायलाही आता काही शिल्लक नव्हतं. मिटलेल्या डोळ्यांची ती मावशी कोणत्या गावची होती? घास तोंडात असलेला काका जिवंत होता का? बस वर्धा नदीच्या पुलावर आली तेव्हा त्याला रडू आलं, आणि शेजारच्या माणसाने सरकून जागा दिली.

बसमधून उतरून तो सरळ बापूजींच्या घरी गेला. त्यांना सगळं सांगितलं, अगदी टाळ्यांसकट. बापूजी खूप शिव्या देतील, अशी त्याची अपेक्षा होती, किंबहुना इच्छा होती.

बापूजींनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि फोटो एकेक करून पाहिले, पूर्वी पट्ट्या पाहायचे तसे, नाक जवळ नेऊन. "मी असतो तं मीही काढून टाकला असता," ते शेवटी म्हणाले. "मायच म्हनते काढ, तं कोन नाई काढनार? आपन काही शहाने नव्हतो, जलाल. आपल्याले काढून टाकताच येत नव्हतं, म्हनून राह्यले सारे." मग एका फोटोवर बोट ठेवलं. "हा दे."

"बापूजी, हे तं पाठ हाये."

"त्याचीच हाये ना? दुसऱ्या कोनाची तं नाई? दे."

सोमवारी दोघं मिळून आमबोडीला गेले. अंगणात मांडव होता, पंगतीची तयारी चालली होती. ओसरीवर पाट, पाटावर फुलं, आणि मध्ये जागा मोकळी ठेवलेली. जलालुद्दीनने वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट गुणाबाईच्या हातात दिली. बापूजी म्हणाले, "एवढाच निघाला, बाई."

तिने कागद सोडला. फोटोत अजय दोन्ही हातांनी वरणाचा गंज उचलून चुलीकडून मांडवाकडे चालला होता. पाठ घामाने भिजलेली, मान थोडी वळलेली, गालाची कड आणि एक कान. गुणाबाईने काचेवरून बोट फिरवलं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला थांबवलं.

"दोन भोवरे," ती म्हणाली. "दिसले का, रंजी? दोन भोवरे होते त्याले. लोक म्हनत, याचे दोन लग्न होतीन." ती रडायला लागली. "एक बी नाई झालं."

रंजीताने चौकट तिच्या हातातून घेऊन पाटावर ठेवली, फुलं सरकवली. बाया जवळ येऊन बसल्या. कोणी म्हणालं नाही की ही पाठ आहे. जलालुद्दीनला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात गुणाबाईने मान वर केली.

"जलालभाऊ, एक फोटो तोंडाचा होता ना? रंजीच्या गाडीपाशी रडत होता तो. बनेनवर."

ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू वर येत होतं. "मी पाह्यला होता तो. तुमच्या मशीनीवर. अन् मी…" ती थांबली. तिचा हात गळ्याशी गेला. "मीच म्हटलं होतं का, काढून टाका म्हनून? मीच म्हटलं का, भाऊ?"

"नाई, बाई," जलालुद्दीन म्हणाला.

"म्हटलं होतं ना मी?"

"तुम्ही दुसऱ्या फोटोले म्हटलं होतं, पाहुन्याच्या. अजयचा मी ठेवला होता. मंग उन्हाळ्यात मशीन बिघडली. तेव्हा गेला तो, मशीनीनं खाल्ला." तो हे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला. चार गावांचे सोयरे बसले होते. संगम स्टुडिओची मशीन फोटो खाते, ही बातमी येत्या बाजाराला राजुऱ्यात पोचणार होती, आणि पुढच्या हंगामात कोण बोलावणार हे त्याला दिसत होतं.

गुणाबाईने बापूजींकडे पाहिलं. ते वयाने मोठे, त्यांच्या शब्दाला गावोगावी मान. इतक्या वर्षांत बापूजींना कुणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी तवाच सांगतलं होतं याले," बापूजी रागाने म्हणाले. "नोको घेऊ म्हटलं हे मशीन. एवढं महागाचं मशीन घेतलं अन् लोकायचे फोटो बुडवले. ऐकलंच नाई यानं माहं!"

दोन वर्षांत एकदाही न काढलेला दोषाचा शब्द त्यांनी तिथे, मांडवात, चारचौघांत काढला. गुणाबाईच्या छातीतून मोठा निःश्वास सुटला. गळ्याशी गेलेला हात खाली आला. आणि मग ती जलालुद्दीनवर तुटून पडली.

"असं कसं खाल्लं मशीननं? माह्या एकुलत्या एका पोराचा एकच फोटो, अन् तो तुम्हाले सांभाळता नाई आला? बापूजीभाऊच्या डब्यातून कधी कोनाचा फोटो गेला होता काय? मंग घेतली कायले एवढी महागाची मशीन? सांगा ना भाऊ, कायले घेतली?"

ती बोलत होती, रडत होती, आणि जलालुद्दीन मान खाली घालून ऐकत होता. बोलू दे तिला. जेवढं बोलेल तेवढं बरं.

"चुकलं, बाई," तो म्हणाला. त्या अंगणात आल्यापासून तो तेवढंच खरं बोलला होता, आणि तेवढंच बोलताना त्याचा आवाज फुटला.